पायाला कळणारं धान

"हळू बोला जी, आयकू येते मले," असं म्हणत ती उजवा तळहात हवेत खाली दाबायची, जणू उतू जाणारं दूध बसवते आहे. समोरचा रागावलेलाच असायला हवा असं नव्हतं. आवाज चढला, एवढं तिला पुरे.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मी गोरेगावच्या एका राइस मिलमध्ये मापारी होतो. तिथे उसना, म्हणजे धान उकडून केलेला, तांदूळ व्हायचा. वाफवलेलं धान पक्क्या अंगणात पसरायचं आणि बायका अनवाणी पायांनी ते फिरवायच्या. ती त्यांतली एक, चाळिशीची. ती मध्येच थांबायची आणि मुकादमाला सांगायची, "उचला आता. पायाले कोरडं लागून राहिलं." मुकादम दाताखाली दाणा फोडून पाहायचा आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

तरी तिचं हसूच व्हायचं. बोलणी दुसरीला बसली तरी डोळे हिचे भरत. बैलाला टोचलेली पराणी तिला पाहवत नसे. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या जणी गप्पा मारत, ही कवठाखाली सगळ्यांकडे पाठ करून एकटी बसे. मुकादम तिला लाजाळूचं झाड म्हणे. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, आणि आमच्यासारखे हसलाही असाल.

एका हंगामात मुकादम म्हणाला, "मापारी भाऊ, हिले आत मशीनवर टाकू. आठ दिवसांत कान पक्के होतात का नाही पाहा."

मला पटलं. सवयीने माणूस घडतो, असा माझा समज होता. तिला सांगायलाही मीच गेलो.

"काऊन जी? माझ्यात काय बिघडलं आहे?" एवढंच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती आली नाही. डोकं ठणकतंय, पोटात अन्न ठरत नाही, असा निरोप आला. त्याच आठवड्यात तांदळात कणी वाढली आणि मिलचे शेठ सगळ्यांवर घसरले. मी पोत्यांतून शंभर-शंभर दाणे काढून मोजले. तीनदा मोजले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ती अंगणात होती तेव्हाच्या पोत्यात शंभरात नऊ तुटके. नंतरच्या पोत्यात तेवीस. मशीन तेच, धान तेच, ऊनही तसंच. मुकादमाच्या दाताला कळेपर्यंत धान जास्त वाळलेलं असे, आणि जास्त वाळलेला दाणा मशीनमध्ये तुटतो.

मोजलेल्या दाण्यांच्या दोन पुड्या बांधून मी शेठसमोर ठेवल्या. तिला आत पाठवण्यात माझाही हात होता, तेही सांगितलं.

"बाई को बुलाओ," शेठ म्हणाले.

ती हात जोडून उभी राहील, असं आम्हाला वाटलं होतं. ती नुसती उभी राहिली. इतकी हळू बोलली की शेठसकट आम्हा सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"येणं जमेल. पण मशीनवर नाही. धान उचलायचं ते मी म्हणन तवा. दुपारी कवठाखाली एकटं बसू द्यायचं, तेवढ्यावर बाकीचा दिवस निभते." मग मुकादमाकडे वळून म्हणाली, "अन् भाऊ, तुम्ही ओरडायचं नाही."

"एवढी नरम बाई अन् अटी सांगून राहिली," मुकादम पुटपुटला.

शेठ हसले. "नरम है, कच्ची नहीं."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा मोजलं. नऊ.

त्यानंतर सात हंगाम धान तिच्या शब्दाने उचललं गेलं. तिचे डोळे भरायचे थांबले नाहीत आणि तिने ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. एकदा एक नवी पोरगी मुकादमाच्या बोलण्याने रडू लागली, तेव्हा ती तिला म्हणाली, "रडू आलं तं रड. पाय चालू ठेव."

पुढे ती चिचगडला लेकीकडे राहायला गेली. तिकडे जंगल आहे, आवाज कमी, म्हणाली.

त्यानंतरच्या हंगामात मुकादम एकदा अंगणात कुणावर तरी तोंड सोडायला निघाला. अर्ध्या वाक्यात त्याची नजर कवठाकडे गेली. तिथे कोणीच नव्हतं. त्याने उजवा तळहात हवेत खाली दाबला आणि उरलेलं वाक्य हळू बोलला.