गडग्यापर्यंतची दया

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. चोऱ्या, बंदरावरच्या कामगारांची भांडणं, महामार्गावरचे अपघात, असं बरंच काही मी रत्नागिरीतल्या नोकरीत हाताळलं. पण माकडांवरच्या दयेने मला जेवढं दमवलं, तेवढं कुठल्याही सराईत गुन्हेगाराने दमवलं नाही.

निवृत्ती जवळ आली होती. मी पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. आतल्या भागातल्या एका गावचे पोलीस पाटील तक्रार घेऊन आले. ठाणे अंमलदाराने ती वाचली आणि तोंडाला रुमाल लावून माझ्या टेबलावर आणून ठेवली. ‘अज्ञात इसमांनी आमच्या गावात माकडं आणून सोडली आहेत.’

“पाटील,” मी म्हटलं, “कोकणात माकडं कुणी आणून सोडावी लागतात का?”

“साहेब, ही आमची माकडं नव्हत,” ते म्हणाले. “आमची माणूस बघितला की पळतत. ही दारात येऊन बसतत, हातातली भाकरी ओढून नेतत. काल नव्हती नि आज घोळकाच्या घोळका. आभाळातून पडली काय?”

अंमलदार पुन्हा हसला. तेवढ्यात पाटलांनी खरी गोष्ट सांगितली आणि त्याचं हसू थांबलं. गावातली साठी उलटलेली एक बाई सिव्हिल हॉस्पिटलात पडून होती. मुलगा मुंबईत, घरात ती एकटी. तिने खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आमसुलं वाळत घातली होती. माकडं आली, ती काठी घेऊन बाहेर आली. एक मोठा नर तिच्या अंगावर धावला आणि ती मागच्या मागे जोत्यावरून खाली पडली. खुब्याचं हाड मोडलं.

मी स्वतः तिचा जबाब घ्यायला गेलो. बाई कळवळत होती, पण बोलणं स्पष्ट होतं.

“साहेब, मी त्यांच्या वाटेस गेले नाय. माझ्या खळ्यात मी होते. ज्याने ती आणलीन, त्याला एवढंच विचारा, माझा काय गुन्हा होता?”

बीटच्या महिला हवालदाराला मी कामाला लावलं. तिचं माहेर त्याच भागातलं. पोलीस म्हणून विचारलं तर लोक तोंड उघडत नाहीत, पण अमक्याची लेक म्हणून विचारलं तर चहासकट माहिती देतात, हा माझा अनुभव. हातखंब्याला महामार्गाच्या कडेला बसणाऱ्या एका फळवाल्याने तिला सांगितलं, की एक पिकअपवाला अधूनमधून भल्या पहाटे येतो आणि काळी पडलेली केळी उचलून नेतो.

“ताई, सडकी केळी घासाघीस न करता घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाय,” तो म्हणाला. “नि गाडीवर हिरवी जाळी. आत काय हाय विचारलं तर म्हणतो, पेशंट हत.”

आम्ही तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, नाकाबंदी लावली. दोन पहाटा फुकट गेल्या, तिसऱ्या पहाटे पिकअप सापडली. जाळीखाली दोन पिंजरे, पिंजऱ्यांत माकडं, आणि काचेवर ‘धर्मादाय संस्था – प्राणीदया सेवा’ अशी पाटी.

“साहेब, धर्मादायची गाडी हाय,” ड्रायव्हर म्हणाला. जणू पाटी दाखवली की आम्ही सलाम ठोकून रस्ता मोकळा करू.

गाडी ठाण्यात आणली आणि खरा ताप सुरू झाला. माकडं मुद्देमालात कशी दाखवायची? पंचनाम्यात वर्णन काय लिहायचं? वन विभागाला फोन केला तर वनरक्षक म्हणाला, “येतो, पण साहेब, मी ती नेऊन सोडू कुठे?” दुपारपर्यंत पिंजरे ठाण्याच्या आवारात होते. एका माकडाने जाळीतून हात घालून अंमलदाराचा डबा पळवला. तक्रार वाचून हसणारा माणूस दुपारी उपाशी बसला.

ड्रायव्हरला मी दटावलं नाही. चहा दिला, माकडं कशी धरतात ते विचारलं. आपल्या कामाची माहिती सांगायला कुणालाही आवडतं. त्याने सगळं सांगितलं. समुद्राकडच्या आंबा बागायतदारांनी मिळून संस्था काढली होती. सभासद फोन करायचा, हा पिंजरा लावायचा, केळ्यांवर माकडं धरायचा आणि आतल्या गावांच्या हद्दीत सोडून यायचा. तिकडे बहुतेक घरांत म्हातारी माणसं. हाकलायला कुणी नाही आणि विचारायलाही कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. सोबत कार्यकारिणी, वकील आणि माझ्यासाठी शाल-नारळ. दोन्ही मी परत केलं. अध्यक्ष मोठे बागायतदार, बोलणं मधासारखं. गावात सगळे त्यांना काका म्हणत.

“साहेब, आम्ही पुण्याचं काम करतो,” काका म्हणाले. “बागेत राखणदार गलोलीने मारतात या मुक्या जिवांना. आम्ही त्यांना जंगलात नेऊन पोचवतो. वन्यप्राण्यांचं कल्याण आणि योग्य अधिवासात पुनर्वसन, हा आमचा लेखी उद्देश आहे.”

“वन विभागाची परवानगी?”

“मागितली आहे. येईलच.”

“आणि ही पाटी? धर्मादाय?”

“अर्ज केला आहे. नोंदणी म्हणजे आता औपचारिकता.”

मी विचारलं, त्या बाईचं काय? काकांनी डोळे मिटून मान हलवली. वाईट झालं म्हणाले, पण उद्देश शुद्ध असताना अपघाताला संस्था कशी जबाबदार? वकिलांनी री ओढली. मी एक विचारलं की ते उद्देश वाचून दाखवत. खोटं बोलणाऱ्याला पकडणं सोपं असतं. हे खोटं बोलत नव्हते. स्वतःच्या दयाळूपणावर त्यांचा मनापासून विश्वास होता. माझं डोकं भणभणायला लागलं.

धागा हाती लागला तो जागेच्या पंचनाम्यात. ड्रायव्हरने दाखवलेल्या एका सभासदाच्या बागेत गेलो. बाग स्वच्छ, एक माकड नाही. बागेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. गडग्यापलीकडच्या कलमांवर मात्र माकडांचा धिंगाणा चालला होता. तिथे एक शिक्षक, सुट्टीचा दिवस म्हणून आपली बाग राखत, डबा वाजवत उभा होता. त्याच्या वडिलांनी कातळ फोडून ती लावलेली.

“तुमच्याकडे पिंजरा नाही लावला?” मी विचारलं.

“मी सांगितलं त्यांना, साहेब. हात जोडून सांगितलं. म्हणाले, सभासद व्हा. मी अर्ज दिला, तर म्हणाले, नवीन सभासद सध्या घेत नाही.” तो कडवट हसला. “आमची घरं वेगळ्या वाडीत. त्यांच्या यादीत त्या वाडीचा एकही माणूस नाही. त्यांनी पिंजरा लावला की उरलेली माकडं उडी मारून माझ्याकडे येतात. मग ते पिंजरा उचलून जातात.”

मी काकांना पुन्हा बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. “गडग्यापलीकडच्या माकडांना राखणदार मारत नाहीत का?”

“मारत असतील. पण ती आमच्या कक्षेत येत नाहीत.”

“का?”

“ती सभासदाच्या बागेत नाहीत ना!”

मी ते शब्द जसेच्या तसे जबाबात घेतले. जबाब त्यांनी वाचला, काही चुकलंय असं त्यांना वाटलं नाही, आणि ठसठशीत सही केली.

विनापरवाना माकडं धरल्याचं प्रकरण वन विभागाने घेतलं. बाईच्या दुखापतीचा गुन्हा आमच्याकडे दाखल झाला. पण संस्था धर्मादाय आहे की नाही, हे ठरवणं पोलिसांचं काम नव्हे. सहाय्यक धर्मादाय आयुक्तांकडे चौकशी चालू होती, तिथे मला साक्षीला बोलावलं. आयुक्त मॅडम कमी बोलणाऱ्या. वकिलांचं सगळं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कायद्याने धर्मादाय म्हणजे गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार, किंवा लोकांच्या सर्वसाधारण उपयोगाचं काम,” मॅडम म्हणाल्या. “प्राण्यांवरची दया या शेवटच्यात बसू शकते, हे मला मान्य आहे. प्रश्न तो नाही. लाभ कुणाला होतो?”

“माकडांना, मॅडम,” वकील म्हणाले.

“सगळ्या माकडांना?”

वकिलांनी काकांकडे बघितलं.

“तर मग बागायतदारांना म्हणा,” वकिलांनी बाजू बदलली. “तोही जनतेचा एक वर्गच आहे.”

“आहे. सगळ्या बागायतदारांसाठी दार उघडं असतं, तर मी विचार केला असता. हे शिक्षक बागायतदार नाहीत का?” त्यांनी मी घेतलेले शिक्षकाचे आणि काकांचे जबाब पुढे सरकवले. “ठरावीक माणसांनी आपापल्या बागा राखायला एकत्र येणं बेकायदा नाही. पण त्याला सार्वजनिक धर्मादाय म्हणता येत नाही. शब्द चांगले आहेत. काम त्या शब्दांचं नाही.”

अर्ज नामंजूर झाला. बाहेर पडताना काकांनी मला गाठलं. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. “साहेब, मग आम्ही उद्देशात नेमकं काय लिहायला हवं होतं?” मी जीपमध्ये जाऊन बसलो. बोललो असतो तर खात्याला शोभलं नसतं.

दोषारोपपत्र पाठवल्यावर मी त्या बाईला भेटायला तिच्या गावी गेलो. ती वॉकर धरून पडवीत उभी होती. मुंबईला चल म्हणून मुलगा मागे लागला होता, पण ती हलायला तयार नव्हती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. नोंदणी नाकारली, गुन्हा दाखल झाला, खटला चालेल.

“म्हणजे त्यांचं चुकलं, असं ठरलं?”

“ठरलं.”

“बरं झालं.” घरावर कौलं खडखडली, तिने वर बघितलं. “मग आता ही कोण नेणार?”

मी म्हटलं, वन विभागाला पत्र गेलंय. हे सांगताना मला स्वतःचाच राग आला, कारण वनरक्षकाचा प्रश्न मला माहीत होता. इथून उचलून ती सोडणार कुणाच्या दारात?

या प्रकरणाने मला एक सवय लावली. आता निवृत्त माणूस म्हणून मला कितीतरी संस्था बोलावतात, पाहुणा करतात, उद्देश ऐकवतात. उद्देश सगळ्यांचेच सुंदर असतात. मी फक्त दोन गोष्टी विचारतो. तुम्ही आजवर कुणाला नाही म्हणालात? आणि तुमच्या या कामाचं ओझं कुणाच्या घरावर जाऊन पडतं? बहुतेक ठिकाणी यानंतर मला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.