ओठाला लावलेला थेंब

"हात पुढे कर. थरथरतात का बघू."

पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला पाच-सहा पेशंटांसमोर असं उभं केलं. मी हात पुढे केले. थरथरत होते. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. बेंबीच्या वर कळ उठायची आणि थेट पाठीत जायची.

"आगरी ना? दारू पितेस?"

आमच्या घरी हळदीला देवाला दारू दाखवतात. त्यातला थेंब आम्ही बायका ओठाला लावतो, तीर्थासारखा. खोटं बोलायची सवय नाही. सांगून टाकलं, "पीत नाय. हळदीला देवाची ओठाला लावतो, तवरीच."

डॉक्टर हसले. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, दारू. मी नववी शिकलेली. तेवढं वाचता आलं.

तो शब्द फाईलबरोबर फिरत राहिला. पुढे स्वादुपिंडात खडे दिसले, तरी शब्द तिथेच. कळ आली की मी गुरासारखी ओरडायचे. नर्स फाईल उघडायची आणि म्हणायची, "नाटक आहे. इंजेक्शनची चटक लागलीय."

एकदा आईनेच जवळ बसून विचारलं, "खरा सांग बाय, चोरून घेतेस का?"

त्या दिवशी मी पोटासाठी रडले नाही.

तिसऱ्यांदा अ‍ॅडमिट झाले, तेव्हा तोंडातून नळी घालून खडा काढायचा होता. डॉक्टरांनी कागद सरकवला. "दारू सोडते असं लिहून दे. मगच."

"धरलीच नाय, तं सोडू कशी?"

"मग दुखणं घेऊन घरी जा."

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं. फाईल ओढली. तो शब्द खोडला, वर लिहिलं, पीत नाही. खाली सही केली.

"फाईल हॉस्पिटलची आहे."

"फाईल तुमची. पोट माजा हाय."

उठले आणि निघाले. खडा आतच राहिला.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो. पण तोवर उशीर झाला होता. आता साखर आहे, प्रत्येक जेवणाबरोबर गोळ्या आहेत, अंगावर मांस नाही. बरी होणार नाही, हे मला कळतं.

आईचा जन्म मिठागरात गेला. तिला अक्षर येत नाही. तो एक इंग्रजी शब्द मात्र मी तिला ओळखायला शिकवलाय, रोज गिरवून घेते. तिला सांगून ठेवलंय, मी मेल्यावर दवाखान्याच्या कागदावर तो दिसला तर मला ताब्यात घ्यायचं नाही. आधी तो खोडायला लावायचा. मग जाळायचं.