बाबांच्या मागे राहणारा ठिपका

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सरांनी दिलेल्या कागदावरची प्रोग्रामची ओळ आपण खोडू शकतो, हे मला बराच काळ माहीत नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी बाबांच्या होडीवर एक छोटं यंत्र बसवलं. होडी कुठे आहे ते यंत्र रेडिओवरून पाठवायचं. आमच्या कौलांवरची अँटेना ते पकडायची आणि केबलमधून ओळीमागून ओळ माझ्या लॅपटॉपमध्ये यायची. नकाशावर एक निळा ठिपका सरकायचा. आमच्याकडे मुलींना होडीवर नेत नाहीत. बाबा रोज जातात ती जागा मी कधीच पाहिलेली नाही. मला एकदा तरी, ते तिथे असतानाच, ती बघायची होती. आईलाही हवंच असणार. पण समुद्रावर गेलेल्या माणसाबद्दल 'कधी येणार' असं आमच्यात विचारत नाहीत, म्हणून ती नुसती ओट्यावर येऊन उभी राहते.

पहिल्या दिवशी दोनेक मिनिटांतच ओळी अर्धवट तुटून यायला लागल्या. यंत्र सेकंदाला दोन ओळी पाठवत होतं, आणि माझा प्रोग्राम एक ओळ वाचून सेकंदभर थांबत होता. न वाचलेल्या ओळी जिथे साठतात तो बफर भरून वाहत होता. थांबायची ती ओळ सरांच्या कागदावरची. ती काढायचा धीर झाला नाही. मी बफरच खूप मोठा केला.

ओळी तुटायच्या थांबल्या. मला वाटलं, जमलं.

दुपारी आईला शेजारी बसवून मी ठिपका दाखवत होते. "हे बघ, बाबा अजून लांब आहेत. दिवेआगरच्या समोर."

मागून आवाज आला, "काय गो, कोन लांब हाय?"

बाबा दारात उभे, हातात मासळीची टोपली.

आई हसत सुटली. "तुजा बाप घरी आला, आन् मशीन त्याला अजून पान्यातच फिरवतंय!"

मीही हसले, मग ओळींवरच्या वेळा बघितल्या: मोठ्या बफरमध्ये ओळी साठत गेल्या होत्या आणि प्रोग्राम अजून सकाळच्याच वाचत होता. सकाळभर मी ज्यांच्याकडे बघत होते ते बाबा केव्हाच तिथून निघालेले होते.

दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत ती थांबायची ओळ काढली. साठलेल्या जुन्या ओळी टाकून फक्त शेवटची घ्यायची, असं लिहिलं. बाबांच्या तेवढ्या वाटा फेकून देताना वाईट वाटलं. मग ठिपका बाबांच्या बरोबरीनं चालायला लागला.

"आता हितंच हाय?" आईने विचारलं.

"इथंच. आत्ता."

तिने बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही. भात करपल्याचा वास येईपर्यंत आम्ही दोघी उठलो नाही.

सुट्टी संपली. लॅपटॉप घरी ठेवते म्हणाले, तर आई म्हणाली, "परीक्षा काय तुज्या बोटांवर देनार? घेऊन जा."

हॉस्टेलवर तो प्रोग्राम उघडला की केबल जोडायचं पोर्ट सापडत नाही एवढंच येतं. आमच्या कौलांवरची अँटेना इथवर कशी पोचणार?

परवा दुपारी आईचा फोन आला. जेवलीस का, झोपतेस का, सगळं विचारून झालं. मग हळूच म्हणाली, "आता कुठं हाय गो?"

"खाडीच्या तोंडाशी असतील, आई."

"असतील नको. बघून सांग."

मी फोन कानाशी धरूनच लॅपटॉप उघडला; पोर्ट सापडत नाही, तेच आलं. ती फोन ठेवेना.