एलेस्टिनाचे एकसष्ट सेकंद

मी शिकवतो त्या शाळेच्या प्रयोगशाळेतला मदतनीस लास्टेन नामालोम्बा याच्यावर माझा राग अजून गेलेला नाही. आणि त्याच्यासारखा भला माणूस अख्ख्या झोम्बा शहरात दुसरा नाही, हेही तितकंच खरं.

एकवीस वर्षं तो मुलांना एक प्रयोग हौसेनं करून दाखवायचा. कागदावर फुली, फुलीवर काचेचं भांडं, भांड्यात थायोसल्फेटचं द्रावण. त्यात आम्ल ओतलं की ते गढूळ होत जातं आणि खालची फुली दिसेनाशी होते.

"द्रावण कडक, तर फुली झटपट गायब. पाणी घातलंत, तर बसा वाट बघत!" असं म्हणून हसायचा आणि शेवटी बजावायचा, "घड्याळ सांगेल तेच लिहायचं. मनचं नाही."

हे मनावर घेतलं ते एकट्या त्याच्या मुलीनं, एलेस्टिनानं. तिला नर्स व्हायचं होतं, आणि त्यासाठी रसायनशास्त्रात चांगले गुण हवे होते.

बोर्डाच्या परीक्षेत हाच प्रयोग आला. सकाळी रसायनशास्त्राच्या सरांनी स्वतः तो करून आपले आकडे लिफाफ्यात बंद केले. तपासणारे मुलांचे आकडे त्यांच्याशीच ताडून बघतात. तेवढ्यात शेजारच्या गावची वीस मुलं येऊन उभी राहिली. त्यांची शाळा पुरानं नेली होती. द्रावण पुरेना. आमच्याकडे पाहुणे वाढले तर कुणाला परत पाठवत नाहीत, रश्श्यात पाणी वाढवतात. लास्टेननं तेच केलं. जेवढं द्रावण, तेवढंच पाणी. सगळ्यांनाच सारखं पातळ, मग अन्याय कुणावर? लिफाफा त्याच्या डोक्यातूनच गेला.

तीस सेकंदांत जाणारी फुली मिनिटभर हलेना. बाकीच्यांनी सरावातले पाठ आकडे ठोकून दिले. एलेस्टिनानं लिहिलं, एकसष्ट.

थोडक्या गुणांनी तिचं नर्सिंग हुकलं.

"बाबा, तुमचं नाव घालवलं मी," ती म्हणाली. मी तिला पुन्हा परीक्षेला बस म्हणून किती विनवलं! "नको सर. माझे डोळेच मंद आहेत, पेशंटचं काय बघणार मी?" तिचं लग्न झालं. आणि हा बाप नोकरीच्या भीतीनं दोन वर्षं गप्प!

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तो तिच्याकडे गेला. ती रस्त्याकडेला पिठाचे गोड मांडासी तळत होती, मी बाकावर चहा पीत होतो.

"पोरी, द्रावणात पाणी मी घातलं होतं. निम्मं."

तिचा झारा थांबला. ओरडेल असं वाटलं. ओरडायलाच हवं होतं.

"म्हणजे एकसष्ट बरोबर होतं?"

"बरोबर होतं. सगळ्या वर्गात तुझं एकटीचं."

लास्टेन मातीतच बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

"तेव्हाच सांगायचं होतं ना, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी पुन्हा बसले असते."

मग तिनं पाठीवरचं बाळ सावरलं आणि करपत आलेले मांडासी कढईतून काढले.