न घासलेली तार

माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं बायकोला वाटतं. हे नाही. हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही — तुम्हाला सांगतोय, तर मध्येच उठून जाऊ नका.

नंदुरबारला आम्ही अकरावीत होतो. गल्लीत विजेचे दिवे नुकतेच आले होते, आणि रशीदला तर विजेचं वेडच लागलं होतं. त्याचे वडील भांड्यांना कल्हई लावायचे. याला मात्र वायरमन व्हायचं होतं. प्रात्यक्षिकात आम्ही जोडीदार. मांडणी त्याची, आकडेमोडही त्याचीच. माझ्याकडे एकच काम — तांब्याच्या तारांच्या टोकांवरचा रोगणाचा थर पॉलिश पेपरने घासून काढायचा. थर राहिला तर वीज पुढे जात नाही.

एका प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मी मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडत बसलो होतो. दुसऱ्या दिवशीही बोटांची नुसती आग होत होती. एक टोक तसंच राहू दिलं — पण ही सबब झाली. ती राहू दे.

त्या दिवशी अज्ञात रोध काढायचा होता. सहा ओहमची कॉइल एकसर जोडलेली, पुढे दोन समांतर फाटे: एकात बारा ओहम, दुसऱ्यात शाळेची ती एकुलती एक अज्ञात कॉइल. मीटरच्या आकड्यांवरून एकूण रोध आला अठरा. रशीदने सहा वजा केले. उरले बारा! म्हणजे अज्ञात फाट्यातून वीज जातच नव्हती. तो कागदाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"तार घासी शे ना रे, भाऊ?"

"हा, घासी शे."

का म्हणालो मी असं? सर मागेच उभे होते, हातात छडी होती — आणि मी भित्रा होतो. दुसरं काय? रशीदने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तार ठीक, म्हणजे कॉइलच जळाली, असं त्यानेच सरांना सांगितलं. मांडणी माझी, तर चूकही माझीच — हेही तोच म्हणाला. सरांनी त्याला छड्या मारल्या आणि प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं. प्रात्यक्षिक नाही तर विज्ञान कसलं? दिवाळीनंतर तो वडिलांच्या भट्टीशी बसला, तो कायमचा.

मांडणी आवरायला सरांनी मलाच सांगितलं होतं. अज्ञात फाट्यातलं ते न घासलेलं टोक माझ्या बोटांत होतं. मी ते घासलं — पुरावाच पुसला — आणि कॉइल कपाटात ठेवली. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? आलं असतं.

रशीद अजून वडिलांच्या त्याच कल्हईच्या दुकानात बसतो. बल्ब गेला की स्वतः लावत नाही, मला बोलावतो. परवाही बोलावलं. मी स्टुलावर चढलो, तो खाली स्टूल धरून उभा.

"मन्हा हात लागना का वीजनं सामान जळी जास," तो हसत म्हणाला. "तुन्हा हात चांगला शे."

मी बटण दाबलं. दिवा लागला. त्याने खूश होऊन चहा मागवला. आणि मी तो प्यालो.