कल्याणीला परत आणायला: अमरावती, अकोला आणि एक जर्मनचा वर्ग

मे महिन्यात वऱ्हाडात जाऊ नये, असं मला भेटेल त्याने सांगितलं होतं. मीही तुम्हाला तेच सांगते. तरी मी गेले, कारण पुढच्याच सोमवारी आमच्या विभागात हजर व्हायची शेवटची तारीख होती आणि कल्याणी फोन उचलत नव्हती.

कल्याणी म्हणजे माझी रूममेट. पुण्यात आम्ही दोघी जर्मनचं एम.ए. करत होतो. मी सांगलीची, ती अमरावतीची, त्यामुळे पहिल्या वर्षी आमचं मराठी ऐकून लोक गालातल्या गालात हसायचे. तिचं जर्मन ऐकलं की मात्र गप्प व्हायचे. भाषा झाली, साहित्य झालं, शेवटच्या सत्रात माध्यमांचा पेपर उरला होता, आणि त्यासाठी आम्ही एक जर्मन रेडिओनाटक करत होतो. लिहिणारी मी, आवाज तिचा. जानेवारीत तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ती घरी गेली ती गेलीच. विभागाने एकदा मुदत वाढवून दिली, पण आता सोमवारी ती हजर झाली नाही तर तिचं नाव कमी होणार होतं आणि पुन्हा प्रवेश मिळणार नव्हता. मी मेसेज टाकला, घरी येऊ का? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ये, सेमाडोहला जंगल बघायला जाऊ. जंगल गेलं खड्ड्यात, मी तिकीट काढलं. येतानाची मात्र दोन काढली.

पुण्याहून रात्रीची गाडी सोयीची पडते. उन्हाळ्यात जात असाल तर काटकसर बाजूला ठेवा आणि एसीचा डबा घ्या. बडनेऱ्याला उतरलं की अमरावती शहर ऑटोने अर्ध्या तासावर. सकाळचे आठसुद्धा झाले नव्हते आणि हवा तव्यावरून आल्यासारखी लागत होती. ऑटोवाल्याला पत्ता सांगायला लागले तर त्याने मधेच तोडलं. गुरुजींच्या घरी ना, म्हणाला, आणि थोडं पुढे गेल्यावर आपणहून सांगितलं की त्याच्या घराची वास्तुशांत गुरुजींनीच केली होती, आवाज असा की चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. पैसे मात्र नवख्याकडून घ्यायचे तेवढे घेतले.

अंबागेटच्या आत दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. खिडकीत कूलर धडधडत होता आणि त्याच्यासमोरच्या पलंगावर काका, म्हणजे कल्याणीचे बाबा, ऑटोवाल्याचे गुरुजी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलला, तोंड उघडलं, बंद केलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात काकूंनी देवापुढे दिवा लावला, आणि पलंगावरून आवाज सुरू झाला. एक अख्खं सूक्त, कुठे न अडखळता, स्वरांच्या चढउतारासकट. मी आ वासून बघत राहिले. ते संपलं आणि काकांनी परत तोंड उघडलं, हात हलवला, चिडले. पाणी हवं होतं. काकूंनी पाणी, पंखा, चादर असं एकेक विचारून ते ओळखलं. लहानपणी पाठ झालेलं सगळं शाबूत आहे, कल्याणी म्हणाली, स्वतःचं असं एक वाक्य बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात असं होतं.

इथे संथेबद्दल सांगायला हवं. काकांकडे मुलं वेद शिकायला यायची. गुरुजींनी ओळ एकदा म्हणायची, मुलांनी ती तशीच्या तशी दोनदा म्हणायची. अर्थ नंतर, प्रश्न त्याहून नंतर. मुलींना कोणी बसवत नव्हतं, म्हणून कल्याणी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता दोनदा म्हणायची. पुण्यात ती जर्मनही तशीच शिकली. आमच्या खोलीत जर्मन रेडिओच्या बातम्या लावायची आणि प्रत्येक वाक्य दोनदा. मला वेड लागायची वेळ यायची, पण उच्चार असे आले की आमच्या मॅडम डोळे मिटून ऐकायच्या.

संध्याकाळी आम्ही राजकमल चौकाकडे गिला वडा खायला गेलो. दह्यात भिजलेला गार वडा, वरून तिखट चटणी. अमरावतीत गेलात तर हा सोडू नका, आणि चटणी बेताने घ्या, मी नाकाडोळ्यांतून पाणी काढून बसले. तिथेच उभ्या उभ्या मी विषय काढला. वाटलं होतं, आता वाद होणार. पण कल्याणीच म्हणाली की तिची तयारी आहे. बाबांजवळ महिनाभर राहायला मावशी येणार होती. चार महिने ती अकोल्याला एका एजन्सीकडे जर्मन शिकवत होती, नर्सिंग झालेल्या आणि जर्मनीला जाऊ बघणाऱ्या मुलींना. त्यांची परीक्षा झाली होती, उद्या निकाल होता.

"उद्या निकाल पाहते, पोरींना पेढे देते, अन् रविवारी तुझ्यासोबत गाडीत," ती म्हणाली.

मी अजून एक वडा मागवला. इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी एसटीने अकोला. मूर्तिजापूरवरून गाडी जाते, अडीच-तीन तास धरा, आणि खिडकीला ओला टॉवेल बांधायची लाज बाळगू नका, सगळे बांधतात. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, मैलोन्‌मैल हिरवं पान नाही. माझा तर जीव घाबरा झाला. कल्याणी मात्र खुशीत होती. मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन तिने आमच्या नाटकातला तिचा भाग अर्ध्या आवाजात म्हणायला घेतला. पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी वळून पाहिलं आणि हे कोणतं स्तोत्र म्हणून विचारलं.

वर्ग स्टेशनपासून जवळच, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. खोलीत दहा-बारा मुली, सगळ्या आजूबाजूच्या गावांतल्या, नोकऱ्या सोडून किंवा रात्रपाळ्या करून येणाऱ्या. त्यांनी माझ्यासाठी करून दाखवलं. कल्याणीने वाक्य एकदा म्हटलं, मुलींनी दोनदा. सगळ्यांचा आवाज एक, उच्चार लख्ख. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. फक्त एक गोष्ट खटकली. प्रत्येकीला सुट्टीत समुद्रावर जायला आवडत होतं, प्रत्येकीला तिथे भावासोबत वाळूत खेळायला आवडत होतं. त्यातल्या किती जणींनी समुद्र पाहिला होता कुणास ठाऊक.

मी नांदगाव खंडेश्वरच्या पूजाला, पहिल्या बाकावरच्या मुलीला, साध्या जर्मनमध्ये विचारलं की आज सकाळी काय खाल्लंस. तिने माझ्याकडे बघत, हसऱ्या चेहऱ्याने, माझाच प्रश्न मला परत म्हणून दाखवला. दोनदा. मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसले, मुलीही हसल्या. कल्याणी हसली नाही.

निकाल जेवणाच्या सुट्टीत आला, सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम. पूजाचं वाचन पास. लेखन पास. ऐकणं पास. बोलणं नापास. पुढचीचं बोलणं नापास. तिच्या पुढचीचंही. एकटी कारंज्याची मुलगी पास झाली होती, आणि तिला बिचारीला तोंड कुठे लपवू असं झालं होतं. परीक्षेत काय झालं होतं, ते पूजाने सांगितलं. इतके दिवस भीतीने बोलली नव्हती.

"म्या पाठ केलेलं सारं म्हनलं, मॅडम. मंग त्या बाईनं मधातच काहीतरी इचारलं. अन् मी तेच दोनखेप म्हनून देलं. आदतच पडून गेली होती."

मागून दोघी-तिघींनी माना हलवल्या. त्यांचंही तेच झालं होतं. कल्याणीने फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच नव्हतं.

एजन्सीचे सर येऊन गेले. माणूस वाईट नव्हता, धंदेवाला होता. बोलण्याची परीक्षा पुढच्या महिन्यात पुन्हा देता येईल, ह्यांना ऑनलाइन वर्गाला जोडून देतो, तुम्ही तुमच्या कॉलेजला जा, मॅडम, असं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

आम्ही खाली रसवंतीवर येऊन बसलो. रस समोर ठेवला तसाच राहिला.

"मी नाही येत, शुभांगी," कल्याणी म्हणाली.

मी भडकले. जे तोंडात येईल ते बोलले. बॅच नापास होतात, तू काय त्यांचा ठेका घेतलायस का, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात घालतेस, माझ्या नाटकाचं काय, ते तर ओरडूनच विचारलं. रसवाला यंत्र थांबवून बघायला लागला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काल बाबांचं पाहिलंस ना तू? सारं येतं, अन् पाणी मागता येत नाही. मी या पोरींचं तेच करून ठेवलं. अन् ऑनलाइनवाला पण पाठच करायला लावणार. म्हणजे परत नापास."

"आणि तुझं काय?"

"माझं जर्मन कुठं पळून चाललं?"

"डिग्री चाललीय, कल्याणी."

तिने ग्लास बाजूला सरकवला. "हो," म्हणाली, "ती चालली."

पेढ्यांचा डबा तिने कारंज्याच्या मुलीच्या हातात दिला, वाटून टाक म्हणून. कोणी खाल्ले की नाही, माहीत नाही.

सेमाडोहबद्दल मला काही विचारू नका. परतवाड्यावरून जातात एवढं ऐकलंय. रविवारी मी एकटीच बडनेऱ्याला आले. निघताना काकूंनी कोथिंबीर भरलेली सांभारवडी बांधून दिली आणि दारात हळूच विचारलं, "तू नीट समजावून सांगितलं नाही का तिले?" मी वड्यांचा डबा पिशवीत टाकला आणि ऑटोला हात केला. गाडीत समोरची बर्थ अहमदनगरपर्यंत रिकामी होती. तिथे एक गृहस्थ येऊन झोपले.

सोमवारी विभागात मॅडमनी कल्याणीचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं. नाटक मी एकटीने पुरं केलं. तिचा भाग मीच वाचला, मार्क बरे पडले, ऐकवत मात्र नाही. कल्याणीचा कधीतरी फोन येतो. आता ती मुलींना पाठ काही देत नाही, जर्मनमध्ये भाजीच्या भावावरून भांडायला लावते. पहिला आठवडा सगळ्या रडल्या म्हणे. पुनर्परीक्षेचा निकाल अजून यायचाय. तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही. ती चुकली असं मला छातीठोकपणे म्हणताही येत नाही, आणि त्याने जास्तच त्रास होतो.

खोली मी अजून सोडलेली नाही. परवा तिथे पहिल्या वर्षाची नवी मुलगी आली, वडिलांना घेऊन. त्यांनी बॅग खाली ठेवता ठेवता मला विचारलं, जर्मन साहित्य शिकून पुढे काय? या प्रश्नाचं उत्तर आम्हा सगळ्यांना झोपेतही येतं. भाषांतर, प्रकाशन, माध्यमं, अध्यापन, परदेश. मी भाषांतरापर्यंत आले आणि पुढचं तोंडातून निघेना.

"काका, खरं सांगू? मला माहीत नाही," मी म्हटलं.

मुलीने खिडकीजवळच्या कॉटकडे बोट दाखवलं, ही कुणाची आहे का म्हणून.

"कुणाची नाही," मी म्हटलं. "ठेव सामान."