मेंढीच्या दुधावरची वाघाटी

वाघाटी म्हणजे रानमांजर, पण घरच्या मांजरीच्या निम्म्याएवढंच. अंगावर तांबूस ठिपके, तोरा मात्र वाघाचा. ती वाचवायची तर डोंगरात रोज हिंडणाऱ्यांनाच हाताशी धरायला हवं, म्हणून मी संगमनेरकडच्या डोंगरांत मेंढपाळांच्या तळांवर तिचा फोटो घेऊन फिरत असे. दिसली तर मारू नका, फोन करा, एवढंच सांगणं. पुरुष मान डोलवायचे आणि चहा पाजून मला वाटेला लावायचे. मनावर घेतलं ते फक्त एका मावशींनी.

दिवाळीनंतर त्यांचा कळप कोकणाकडे निघाला आणि वाटेतूनच त्यांचा फोन आला. "बाई, तुमची वाघाटी घावली. पिल्लू हाय. म्या संभाळलंय!" त्यांचा आनंद ऐकून मला घामच फुटला.

जाऊन बघते तर पिल्लू घोड्याच्या पाठीवरच्या झोळीत, कोकरांच्या मधे गाढ झोपलेलं. कपाळाला भंडारा. वाटेत जन्मलेलं कोकरू मागे ठेवायचं नाही, झोळीत घालून पुढे न्यायचं, ही यांची रीत. कपारीत एकटं पिल्लू दिसलं, आई जवळ नाही; मावशींनी उचललं आणि दोन मुक्काम पुढे आणलं. मेंढीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजलं. आई शिकारीला गेली असेल, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून? मेंढी कधी शिकारीला जाते का! मला भयंकर राग आला होता, पण काढणार कुणावर?

वनरक्षकांच्या जीपमधून मावशींना घेऊन आम्ही ती कपार गाठली. पिल्लू जाळीच्या पेटीत ठेवलं, आई न्यायला येते का बघायला समोर कॅमेरा लावला आणि लांब जाऊन बसलो. दिवेलागणीला ते ओरडायला लागलं. मावशी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"मेंढी आसती तर आतापत्तुर वरडून समदा डोंगर उठवला आस्ता," त्या म्हणाल्या.

सकाळी कॅमेऱ्यात एक मुंगूस निघालं. दुसऱ्या सकाळी भटकं कुत्रं. आई आलीच नाही.

शेवटी वनरक्षक पिल्लू घेऊन गेले. आता ते पिंजऱ्यातच वाढणार. शिकार आईने शिकवायची असते. ते आमच्यापैकी कुणालाच येत नाही. हे मी मावशींनाही सांगितलं.

तिकडे कळप खोळंबला होता. एका शेतकऱ्याला खतासाठी शेतात मेंढरं बसवायचा शब्द दिलेला. मी त्यांना तळावर सोडायला गेले. जीपमधून उतरताना त्या थांबल्या.

"आन परत कवा आसं पिल्लू दिसलं तर?"

"हात लावायचा नाही. तिथंच ठेवून पुढे जायचं."

"वरडत आसलं तरी?"

"तरीही."

त्या खाली उतरल्या. मग म्हणाल्या, "बाई, ह्ये माज्याच्यानं व्हनार न्हाई. तुमी दुसरं कुनीतरी बगा."

त्या डोंगरात मनावर घेणारं दुसरं कुणीच नव्हतं, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?